अशिलांची कागदपत्रे बाहेर न पाठवता एआय वापरायचे आहे. टॅबलेट किती ताकदीचा घ्यावा?

दिंडोशीची_वकील

नमस्कार. मी मुंबईत दिवाणी वकिली करते. माझी बहुतेक कामे दिंडोशीच्या शहर दिवाणी न्यायालयात आणि धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात चालतात. त्यांत पागडीच्या जागांचे, भाडेकरूंच्या वारसांचे आणि पुनर्विकासात अडकलेल्या इमारतींचे दावे अधिक असतात. डोंबिवलीहून येण्याजाण्यात दिवसाचा मोठा भाग लोकलमध्ये जातो. तिथे लॅपटॉप उघडून बसण्याइतकी जागा क्वचितच मिळते, म्हणून टॅबलेट घेण्याचे ठरवले आहे.

शे-दीडशे पानांचे स्कॅन केलेले वादपत्र जोडपत्रांसह वाचता यावे आणि त्यावर पेनाने टिपणे करता यावीत, ही पहिली गरज आहे. त्यापलीकडे इंग्रजी मसुद्यातील भाषा तपासून घेणे, मोठ्या निकालपत्राचा सारांश काढणे, घटनांचा तारीखवार क्रम लावणे आणि अशिलाच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले त्याचे म्हणणे लेखी स्वरूपात उतरवून घेणे ही कामे एआयकडून करून घेता आली, तर संध्याकाळचे बरेच श्रम वाचतील. मात्र अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन पूर्वीच्या १८७२च्या पुरावा कायद्यात होते आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३मध्येही आहे. त्यामुळे एखाद्या वृद्ध भाडेकरूची भाडेपावती, त्याच्या कुटुंबातील भांडणाचा तपशील किंवा तडजोडीत तो कुठपर्यंत उतरायला तयार आहे ही माहिती कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पाठवणे मला पटत नाही. जे काही होईल ते उपकरणातच व्हावे, अशी माझी अट आहे.

दुकानांत पाहिले तर जवळजवळ प्रत्येक खोक्यावर एआय हा शब्द आहे. एका ठिकाणी चिप सेकंदाला किती लाख कोटी गणिते करते हे सांगून महागडा टॅबलेट दाखवण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी निम्म्या किमतीचा टॅबलेट दाखवून ‘एआय यातही तेच चालते’ असे सांगण्यात आले. पेनासह ६०,००० रुपयांच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे. चिप नवी असणे महत्त्वाचे की रॅम जास्त असणे? आणि माझी निम्मी कागदपत्रे मराठीत असतात, त्यांचे काय?


प्रणालीकार_ठाणे

ताई, तुम्हाला दोन्ही दुकानांत सांगितले ते आपापल्या जागी खरे आहे, पण तुमच्या अटीचे उत्तर त्यांपैकी कशातच नाही. जेमिनी किंवा चॅटजीपीटीसारख्या सहायकाला आपण प्रश्न विचारतो तेव्हा विचार करण्याचे काम कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये होते आणि टॅबलेट फक्त प्रश्न पाठवतो आणि उत्तर दाखवतो. म्हणून १५,००० रुपयांच्या आणि दीड लाखाच्या टॅबलेटवर तेच उत्तर मिळते. चिपच्या ताकदीचा प्रश्न येतो तो प्रारूप, म्हणजे मॉडेल, टॅबलेटमध्येच साठवलेले असते आणि तिथेच चालते तेव्हा. तुम्हाला हाच दुसरा प्रकार हवा आहे, आणि त्यासाठी सर्वांत आधी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा पुरावा बाजारातच आहे. ॲपलने मार्च २०२५मध्ये आणलेल्या साध्या आयपॅडमध्ये ए१६ चिप आहे. तिच्यातील न्यूरल इंजिन हा एआयसाठीचा भाग सेकंदाला सुमारे १७ लाख कोटी क्रिया करतो. २०२१च्या आयपॅड प्रोमधील एम१ चिपचा तोच आकडा ११ लाख कोटी आहे. असे असूनही ॲपल इंटेलिजन्स हा ॲपलच्या एआय सुविधांचा संच त्याहून चार वर्षे जुन्या एम१ आयपॅडवर चालतो आणि ए१६ आयपॅडवर चालत नाही. ए१६ आयपॅडमध्ये ६ जीबी रॅम आहे आणि एम१ आयपॅडमध्ये किमान ८ जीबी. गूगलच्या फोनांतही असेच घडले. पिक्सेल ८ आणि पिक्सेल ८ प्रो यांत टेन्सर जी३ ही एकच चिप आहे, पण उपकरणात चालणारे जेमिनी नॅनो हे छोटे मॉडेल आधी मिळाले ते १२ जीबी रॅमच्या प्रोला. ८ जीबीच्या साध्या पिक्सेल ८बाबत कंपनीने सुरुवातीला हार्डवेअरच्या मर्यादेचे कारण दिले आणि पुढे ते मॉडेल केवळ डेव्हलपर पर्याय, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंग, म्हणून उपलब्ध केले.

असे का होते, हे साध्या गुणाकाराने समजते. ॲपलचे उपकरणात चालणारे भाषिक मॉडेल सुमारे ३०० कोटी पॅरामीटरांचे, म्हणजे शिकून ठरवलेल्या आकड्यांचे, आहे. प्रत्येक पॅरामीटर १६ बिटांत साठवला तर केवळ मॉडेललाच ६ जीबी जागा लागते. ४ बिटांपर्यंत आवळला तर दीड जीबी. हे मॉडेल उत्तर देत असताना पूर्णवेळ रॅममध्ये असावे लागते, कारण पुढचा प्रत्येक शब्दखंड (शब्द किंवा त्याचा तुकडा) तयार करताना त्यातील सगळे आकडे पुन्हा वाचले जातात. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम, उघडलेला दीडशे पानांचा पीडीएफ, टिपणांचे ॲप आणि आपण मॉडेलला वाचायला दिलेला मजकूर यांनाही त्याच रॅममध्ये राहायचे असते. ६ जीबीत हे सगळे मावत नाही, ८ जीबीत मावते पण दाटीवाटीने, आणि १२ जीबीत सुखाने मावते.

या वाचनामुळेच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे रॅममधून चिपपर्यंत माहिती किती वेगाने पोहोचते. एम१मध्ये हा वेग सेकंदाला सुमारे ६८ जीबी, एम२मध्ये १०० जीबी आणि एम४मध्ये १२० जीबी आहे. दीड जीबीचे मॉडेल प्रत्येक शब्दखंडासाठी एकदा पूर्ण वाचायचे म्हटले, तर एम१वर सेकंदाला सुमारे ४५ शब्दखंड ही झाली वरची मर्यादा. ही वाचकाच्या गतीपेक्षा जास्तच आहे, त्यामुळे लेखनाच्या कामासाठी एम१ आजही अपुरी नाही. खोक्यावरची लाख कोटींची संख्या मात्र यात कुठेच आली नाही, हे लक्षात घ्यावे.

‘८ जीबी + ८ जीबी’ अशी जाहिरात दिसली तर दुसरा आकडा सोडून द्यावा. ती खरी रॅम नसते. स्टोरेजचा एक भाग रॅमसारखा वापरलेला असतो. आजचे चांगले मोबाइल स्टोरेज सेकंदाला दोन-चार जीबी वाचते. वर दिलेल्या ६८ जीबीशी त्याची तुलना केली की मॉडेल तिथून का चालवता येत नाही ते कळते. मायक्रोएसडी कार्डाने फाइलींसाठी जागा वाढते, रॅम वाढत नाही. आणि टॅबलेटमधली रॅम नंतर बदलता येत नसल्यामुळे हा निर्णय खरेदीच्या दिवशीच करावा लागतो.

तुमच्या अटीसाठी एक चाचणी सांगतो. दुकानातल्या टॅबलेटवर विमान मोड सुरू करा, वाय-फाय बंद असल्याची खात्री करा आणि मग विक्रेत्याला हवी ती एआय सुविधा दाखवायला सांगा. जी चालेल ती उपकरणात चालते. जी नेटवर्क मागेल ती, खोक्यावर काहीही छापलेले असले तरी, तुमच्या कामाची नाही.


चित्रफीत_माहीम

प्रणालीकारांचे रॅमबद्दलचे म्हणणे मान्य आहे, परंतु गणितांच्या आकड्याला त्यांनी फारच खाली बसवले आहे. मॉडेल उत्तर लिहिते तेव्हा रॅमचा वेग निर्णायक असतो, हे खरे. पण त्याआधी त्याला दिलेला मजकूर वाचावा लागतो, आणि ते वाचन हजारो शब्दखंडांवर एकाच वेळी गणिते करून होते. तिथे चिपची गणितक्षमता थेट कामाला येते. वकिलांचे काम तर असेच असते: वाचायला खूप आणि उत्तर दोन परिच्छेदांचे. ध्वनिमुद्रणाचे लेखी रूपांतर, चित्रातून नको असलेली वस्तू काढणे, बोलणाऱ्याच्या आवाजामागचा गोंगाट कमी करणे ही कामेही गणितावरच चालतात. मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये कोपायलट प्लस पीसी या एआयसाठीच्या संगणकांची अट ठरवताना १६ जीबी रॅमबरोबरच सेकंदाला ४० लाख कोटी क्रियांची अटही घातली, ती याच कारणासाठी.

एवढेच की निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. तीच चिप १६ बिटांऐवजी ८ बिटांच्या गणितावर मोजली तर आकडा साधारण दुप्पट होतो, आणि कोणती पद्धत धरली आहे हे जाहिरातीत बहुधा लिहिलेले नसते.

टॅबलेटला पंखा नसतो, ही बाबही मुंबईत विसरून चालणार नाही. ॲपल आयपॅडसाठी सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे सांगते, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या गच्च लोकलमध्ये आपण त्या मर्यादेच्या अगदी काठावर असतो. उपकरण तापले की चिप स्वतःची गती कमी करते. तासाभराचे ध्वनिमुद्रण लेखी करायचे असेल तर ते घरी किंवा चेंबरमध्ये पंख्याखाली, टॅबलेट जाड कव्हरातून बाहेर काढून करावे.

पावसाळ्याचाही विचार करावा. सॅमसंगच्या टॅब एस९ आणि टॅब एस१० एफई यांना पाणी व धूळ यांपासून संरक्षणाचे आयपी६८ मानांकन आहे; आयपॅडला असे कोणतेही मानांकन नाही. रोज बॅगेतून न्यायच्या वस्तूबाबत मी तरी याला महत्त्व देईन.


अनुवादिका_पार्ले

वरील दोन्ही उत्तरे यंत्राबद्दल उत्तम आहेत. प्रश्नातील शेवटचे वाक्य मात्र दोघांकडूनही राहून गेले, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत कठीण आहे. मी इंग्रजी-मराठी कायदेविषयक अनुवाद करते आणि अशीच कागदपत्रे रोज हाताळते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

टॅबलेट कितीही ताकदवान घेतला तरी त्याच्यासोबत येणाऱ्या एआय सुविधांना मराठी येत असेलच असे नाही. ॲपल इंटेलिजन्सच्या २०२५च्या अखेरपर्यंतच्या भाषांच्या यादीत भारतीय इंग्रजी आहे, पण मराठी नाही आणि हिंदीही नाही. म्हणजे इंग्रजी नोटिशीचा मसुदा सुधारणे, इंग्रजी ई-मेलचा सारांश काढणे इतके मिळेल. मराठी कैफियतीवर त्याच सुविधा वापरण्याची अपेक्षा ठेवू नये. म्हणून जास्त किमतीची चिप घेतल्याने मराठीचा प्रश्न आपोआप सुटेल, असे समजून पैसे वाढवू नका. जास्त रॅम मात्र उपयोगी पडेल, कारण मराठी समजणारी मॉडेले वेगळी उतरवून घेता येतात आणि ती चालवायला जागा लागते.

मराठी कागदांत पहिला अडथळा एआयच्याही आधी येतो. आपल्याकडचे कित्येक टंकलिखित मसुदे श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व लिपींसाठीची एकसमान संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टांत तयार झालेले असतात. त्यांचा पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण त्यातील मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग उमटते. कोणतेही मॉडेल पीडीएफमधून थेट मजकूर घेते तेव्हा त्याच्या हाती हीच रांग पडते, आणि मग ते चुकीचा सारांश आत्मविश्वासाने लिहून देते. उपाय असा की, असा पीडीएफ मजकूर म्हणून न देता पानाचे चित्र म्हणून द्यावा आणि अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, करून युनिकोड मजकूर मिळवावा. गूगलच्या एमएल किट या संचात देवनागरीची अक्षरओळख आहे आणि ती उपकरणातच चालते. अँड्रॉइडवरील काही ॲपे हाच संच वापरतात. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठी ओळखते, मात्र ते संगणकावर चालवणे अधिक सोयीचे. छापील आणि टंकलिखित मजकुरावर हे चांगले चालते. तलाठ्याच्या हस्ताक्षरातील जुन्या नोंदींवर विसंबू नये, आणि मोडीतील दस्त असेल तर मोडी वाचणारा जाणकारच गाठावा.

अनुवादासाठी गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा ऑफलाइन संच उतरवून घेता येतो. तो पक्षकाराचे पत्र साधारण काय म्हणते हे समजण्यापुरता ठीक आहे, पण दस्तातील ‘हक्क’, ‘कब्जा’ आणि ‘वहिवाट’ यांच्यातील फरक तो नेहमी सांभाळत नाही, आणि तुमच्या दाव्यात नेमका तोच फरक वादाचा मुद्दा असतो. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाचे इंडिकट्रान्स२ हे मुक्त मॉडेल आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी आहे. त्याची लहान आवृत्ती सुमारे २० कोटी पॅरामीटरांची आहे, म्हणजे आकाराने ती टॅबलेटला सहज झेपावी; परंतु ती बसवण्यासाठी थोडे तांत्रिक ज्ञान किंवा जाणकाराची मदत लागते.

ध्वनिमुद्रणाचे लेखी रूपांतर करणाऱ्या व्हिस्पर या मुक्त मॉडेलच्या भाषांत मराठी आहे. त्याच्या आवृत्त्या सुमारे ४ कोटी पॅरामीटरांपासून १५५ कोटी पॅरामीटरांपर्यंत आहेत. इंग्रजीसाठी लहान आवृत्तीही समाधानकारक चालते. मराठीसाठी लहान आवृत्त्या फार चुका करतात आणि सर्वांत मोठीच वापरण्याजोगी वाटते. याचा अर्थ मराठी बोलण्यासाठी तुम्हाला इंग्रजीभाषक वापरकर्त्यापेक्षा अधिक रॅम आणि अधिक वेळ लागणार आहे, आणि हा भेद दुकानात कोणी सांगत नाही. सोलापूरकडचे किंवा मालवणी वळणाचे बोलणे असेल तर प्रत्येक ओळ कानाने ताडून पाहावीच लागेल. शपथपत्राला जोडायचा मजकूर असेल तर ताडून पाहण्याला पर्यायच नाही.

सारांशाबाबतही एक अंगभूत मर्यादा आहे. ॲपल आपले उपकरणातील मॉडेल इतर ॲपांना वापरू देते तेव्हा एका वेळी ४,०९६ शब्दखंडांची मर्यादा असते, आणि त्यात प्रश्न व उत्तर दोन्ही धरलेले असतात. दीडशे पाने यात मावणे शक्य नाही; ॲपने ती तुकड्यातुकड्यांनी वाचून सारांशांचा सारांश करायचा असतो. अशा वेळी १२व्या पानावरील कबुली आणि ९७व्या पानावरील तिच्याशी विसंगत विधान एकत्र नजरेखाली येतच नाहीत. देवनागरी मजकुराचे शब्दखंडही बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे त्याच मर्यादेत मराठी पाने आणखी कमी बसतात. म्हणून उपकरणातील एआयला संपूर्ण ब्रीफ देण्याऐवजी एकेक दस्त द्यावा, त्यातील तारखा, नावे आणि रकमा काढून घ्याव्यात आणि क्रम आपण स्वतः लावावा. एवढ्या मर्यादित कामात ही छोटी मॉडेले खरोखर उपयोगी पडतात.

अधिक काही करून पाहायचे असेल तर गूगलचे जेम्मा ३एन हे मुक्त मॉडेल मुद्दाम अशा उपकरणांसाठी केलेले आहे. त्याच्या दोन आवृत्त्या साधारण २ आणि ३ जीबी रॅममध्ये चालतील अशा रचल्या आहेत, आणि गूगलच्या एआय एज गॅलरी या ॲपमधून त्या अँड्रॉइडवर इंटरनेटविना वापरता येतात. साधे, छोट्या वाक्यांचे मराठी त्याला समजते. कायद्याच्या भाषेतील चार ओळींचे वाक्य दिले तर मात्र कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे जाऊन अर्थ उलटण्याची शक्यता असते.


दिंडोशीची_वकील

सर्वांचे मनापासून आभार. अनुवादिकाताईंनी जुन्या फॉन्टांबद्दल लिहिले तो अनुभव मला नेहमी येतो. त्यावर चित्र म्हणून पान देण्याचा मार्ग असेल असे माहीत नव्हते. आता माझ्यापुढे तीन पर्याय उरले आहेत: एम३ चिपचा आयपॅड एअर, वापरलेला एम१ आयपॅड प्रो, आणि सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतील एखादा. विंडोजवरचा टॅबलेट घेतला तर ई-फायलिंगसाठीचा डिजिटल सहीचा यूएसबी टोकनही त्यालाच लावता येईल, असे एका सहकाऱ्याने सुचवले. हे योग्य होईल का? आणि आयपॅड घेतल्यास मजकूर बाहेर जात नाही याची खात्री मी स्वतः कशी करावी?


दुरुस्तीवाला_ग्रँटरोड

ताई, मी लॅमिंग्टन रोड परिसरात टॅबलेट आणि लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे या सर्व वस्तू आतून पाहण्यात येतात. क्रमाने लिहितो.

टोकनसाठी विंडोज टॅबलेट घेऊ नका. स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे नवे विंडोज टॅबलेट एआयसाठी चांगले आहेत, त्यांचा एआयचा भाग सेकंदाला ४५ लाख कोटी क्रिया करतो आणि रॅम १६ जीबीपासून सुरू होते. पण त्यांवर जुन्या इंटेल संगणकांसाठी लिहिलेले ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारी सॉफ्टवेअरे, चालत नाहीत. टोकन बनवणाऱ्याने आर्म विंडोजसाठी (अशा चिपवरच्या विंडोजसाठी) वेगळा ड्रायव्हर दिलेला असेल तरच तो टोकन ओळखला जाईल. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचा जुना डाँगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) असेल तर त्यालाही हेच लागू आहे. शिवाय किंमत तुमच्या अंदाजाच्या बरीच वर जाते. सही आणि फायलिंग चेंबरमधल्या लॅपटॉपवरच ठेवा.

एम३ आयपॅड एअर ११ इंची बाजारात आला तेव्हा ५९,९०० रुपयांना होता आणि पेन वेगळा घ्यावा लागतो. यूएसबी-सी जोडणीचा स्वस्त पेन ७,९०० रुपयांचा. तो दाबानुसार रेघ जाड-बारीक करत नाही, पण समासातील टिपणांना त्याची गरज नाही. आयपॅड मिनी ए१७ प्रो चिपमुळे ॲपल इंटेलिजन्स चालवतो आणि आला तेव्हा ४९,९०० रुपयांना होता, तरी तो तुम्हाला सुचवणार नाही. ए४ पानाचा कर्ण सुमारे १४.३ इंच असतो. ११ इंची पडद्यावर ते पान मूळ आकाराच्या साधारण तीन-चतुर्थांश दिसते आणि वाचता येते, मिनीच्या ८.३ इंचांत स्कॅन केलेला दस्त सतत मोठा करून वाचावा लागेल.

वापरलेला एम१ आयपॅड प्रो तुमच्या कामाला पुरेसा आहे आणि पैसेही वाचतात. त्याच्या १ टीबी आणि २ टीबी आवृत्त्यांत १६ जीबी रॅम आहे, बाकीच्यांत ८ जीबी. स्वतःची मॉडेले उतरवून चालवायची असतील आणि अशी १ टीबीची वस्तू चांगल्या स्थितीत मिळाली, तर मी ती नव्या ८ जीबीच्या आयपॅडपेक्षा पसंत करीन. घेताना मूळ बिल मागा, अनुक्रमांक सेटिंग्जमधील क्रमांकाशी ताडून पाहा, आधीच्या मालकाने आपले खाते पूर्णपणे काढले आहे याची त्याच्यासमोर खात्री करा आणि पडदा बदललेला आहे का ते पाहा. बदललेल्या पडद्यावर पेनाची रेघ कधी कधी तुटक उमटते. म्हणून नोट्समध्ये तिरप्या रेघा सावकाश ओढून पाहाव्यात. त्याला चालणारा पेन दुसऱ्या पिढीचा किंवा यूएसबी-सी, नवा पेन्सिल प्रो त्याला चालत नाही. बिलाशिवाय स्वस्त मिळणारी वस्तू घेऊ नका. तुमच्या टॅबलेटमध्ये अशिलांची कागदपत्रे राहणार आहेत. ती वस्तू कुठून आली हे माहीत असलेच पाहिजे.

सॅमसंगमध्ये टॅब एस९ची १२ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजची आवृत्ती शोधा. तो २०२३चा आहे, पण गॅलेक्सी एआय या सॅमसंगच्या एआय संचाच्या सुविधा त्याला मार्च २०२४मध्ये मिळाल्या, पेन खोक्यातच असतो आणि मराठीसाठी वर सांगितलेली अँड्रॉइडची ॲपे त्यावर चालतात. टॅब एस१० एफई किमतीला हलका आहे, सुरुवातीची आवृत्ती ४३,००० रुपयांच्या आत आली होती, पण त्यात टॅब एस९इतक्या एआय सुविधा नाहीत. मराठी कागद निम्मे असल्यामुळे माझा कौल टॅब एस९ला आहे. इंग्रजी मसुद्यांचे काम जास्त असते तर आयपॅड म्हणालो असतो.

आता खात्रीबद्दल. सॅमसंगच्या गॅलेक्सी एआय सेटिंग्जमध्ये माहितीवर फक्त उपकरणातच प्रक्रिया करावी असा पर्याय आहे. तो सुरू केला की सर्व्हर लागणाऱ्या सुविधा बंद होतात आणि उरलेल्याच दिसतात. जेमिनी आणि वर्तुळ काढून शोधण्याची सुविधा या वेगळ्या आहेत, त्या इंटरनेटवरच चालतात, म्हणून अशिलाचा कागद पडद्यावर असताना त्या वापरू नका. आयपॅडवर ॲपल इंटेलिजन्स काही विनंत्या उपकरणात सोडवते आणि मोठ्या विनंत्या कंपनीच्या प्रायव्हेट क्लाउड कम्प्यूट या सर्व्हरांकडे पाठवते. तिथे मजकूर साठवला जात नाही असे कंपनी सांगते आणि बाहेरच्या संशोधकांना ते तपासण्याची सोयही दिली आहे, पण तुमची अट ‘उपकरणातच’ अशी असल्याने हा फरक तुम्ही ध्यानात ठेवावा. गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये ॲपल इंटेलिजन्स अहवाल असतो. मागील १५ मिनिटांत किंवा ७ दिवसांत कोणत्या विनंत्या सर्व्हरकडे गेल्या ते त्यातून कळते. चॅटजीपीटीची जोडणी सेटिंग्जमधून बंदच ठेवा. आणि खरा दस्त उघडण्याआधी प्रणालीकारांनी सांगितलेली विमान मोडची चाचणी प्रत्येक सुविधेवर एखाद्या प्रसिद्ध निकालपत्राची प्रत घेऊन एकदा करा. सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट आले की तीच चाचणी पुन्हा करा, कारण कोणते काम कुठे चालते हे अपडेटनंतर बदलू शकते.